डी अँड डी की फेट? कॅरेक्टर खरंच बदलायला हवं असेल तर

ग्रुप जमलाय, चार-पाच जण तयार आहेत, घोडं अडलंय फक्त कुठला रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट रचायची) घ्यायचा यावर, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) की फेट. नुसती मारामारी नको, आपली पात्रं बदलत जायला हवीत आणि आपल्या निर्णयाने गोष्ट हलायला हवी, असं म्हणणं असेल तर गेम कशाचं बक्षीस देतो ते आधी बघा. लोक शेवटी तेच करतात.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) प्रत्येक पात्राला आयडियल (तत्त्व), बाँड (जिवाभावाचं नातं), फ्लॉ (दोष) वगैरे लिहायचं असतं. लिहितात सगळेच, पण दोन-तीन सेशन झाली की त्या रकान्याकडे कोण ढुंकून बघत नाही. कारण त्याप्रमाणे वागलं तर मिळतं इन्स्पिरेशन (फासे टाकताना एकदा वापरायची मदत), तेही एका वेळी एकच, आणि तेही डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, लक्षात राहिलं तर. २०२४च्या पुस्तकात तर बॅकग्राउंडमधून हे रकानेच काढून टाकलेत. लेव्हल वाढते ती राक्षस मारून, नाहीतर डीएम म्हणेल तेव्हा, म्हणजे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वाढतात, नवे स्पेल (मंत्र) येतात, सबक्लास (विझर्ड वगैरे आपल्या क्लासमधली खास शाखा) निवडता, पण माणूस आतून तोच. चांगला डीएम असेल तर इथेही भारी रोलप्ले होतो हो, फक्त सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

फेट कोअर (२०१३, एव्हिल हॅट) मध्ये क्लासही नाही, लेव्हलही नाही. पात्र म्हणजे काही वाक्यं, त्यांना आस्पेक्ट म्हणतात. समजा तुमचा हाय कॉन्सेप्ट (पात्राची मुख्य ओळख) ‘आंग्र्यांच्या आरमारातून पळालेला गोलंदाज’ आणि ट्रबल (त्याला गोत्यात आणणारी गोष्ट) ‘धाकट्या भावासाठी काहीही’. रात्री गलबत सुटायच्या बेतात आहे, भाऊ अजून किनाऱ्यावर आलेला नाही. जीएम (फेटमधला डीएम) एक फेट पॉइंट (पुढे अडचणीत खर्च करायचं टोकन) पुढे सरकवतो, "तू उतरणार ना?" घेतलात तर पॉइंट तुमचा आणि गलबत गेलं. नाही म्हणायचं तर उलट तुमच्याकडचा एक द्यायचा. याला कंपेल म्हणतात, आणि मला फेटमध्ये सगळ्यात आवडतं ते हेच, निवड पूर्णपणे तुमची पण फुकटात काही नाही. सेशन संपल्यावर मायनर माइलस्टोनला (पात्रात छोटे बदल करायच्या टप्प्याला) हाय कॉन्सेप्ट सोडून एक आस्पेक्ट बदलता येतो, म्हणजे त्याच भावाने दगा दिला असेल तर ‘भावाचं तोंड बघणार नाही’ असं पात्राच्या कागदावर, म्हणजे शीटवरच येतं आणि पुढचे कंपेल त्यावरून.

पण फेट सगळ्यांना झेपत नाही. लाजरा माणूस कोऱ्या शीटसमोर गप्प बसतो, त्याला डी अँड डीचा तयार मेनू बरा वाटतो. ‘शूर’ असा गुळमुळीत आस्पेक्ट लिहिला तर तो कधी आडवा येणार नाही, म्हणजे पॉइंटही नाहीत. लढाया मला तरी डी अँड डीच्या मानाने सपक वाटतात. आणि डीएमने शेवट आधीच ठरवून ठेवला असेल तर कुठलाही गेम घ्या, तुमच्या निवडीला काडीचा अर्थ नाही.

बर्निंग व्हील नावाचा आणखी एक गेम पण लोक सुचवतील. बिलीफ (पात्राच्या श्रद्धा) लिहा आणि त्यांच्यासाठी झगडा, हे त्यात जबरदस्त आहे, पण नियम डोक्याला ताप, पहिल्यांदा नकोच.

ग्रुपमधल्या बहुतेकांना विझर्ड, लूट आणि लेव्हल हवी असेल तर डी अँड डीच घ्या, फक्त प्रत्येकाचा बाँड आणि फ्लॉ (नव्या पुस्तकात रकाना नसला तरी) लिहून डीएम आपल्या नोंदी लपवायला समोर उभा करतो त्या पडद्याला आतून चिकटवून ठेवा आणि दर सेशनला निदान एकाचा तरी अडचणीत वापर करा. गप्पिष्ट, सिरियल बघताना "हा असा का वागला" म्हणून भांडणारी मंडळी असतील तर डोळे झाकून फेट. नियम ऑनलाइन फुकट आहेत, आणि फेटचे खास फासे शोधत बसू नका, लुडोचे साधे चार चालतात: १-२ वजा, ३-४ कोरा, ५-६ अधिक.