पाइनचा ठोकळा, चार खिळे आणि पुण्याचा पावसाळा

गेल्या दिवाळीत मेव्हण्याने अमेरिकेहून पाइनवुड डर्बीची, म्हणजे लाकडी खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीची, दोन किट आणली, एक लेकीला, एक पुतण्याला. प्रत्येकात सात इंची पाइनचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं, चार खिळे; चाकं याच खिळ्यांवर फिरतात. मोटर नाही, सेल नाही. उतारावरून गाडी सोडून द्यायची. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी यांनी कब स्काउटच्या (स्काउटमधल्या लहान गटाच्या) मुलांसाठी हा खेळ सुरू केला. आमचा उतार म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधली प्लायवूडची फळी.

लाकडाचं मी उगाच टेन्शन घेतलं होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या सुताराने दहा मिनिटांत ठोकळ्याला पाचरीसारखा आकार दिला. जीव खातात ते खिळे. डोक्याखाली बारीक टोचरी कड असते, नखाला लगेच लागते. खिळा ड्रिलमध्ये धरायचा, फिरवत फिरवत कड कानशीने काढायची, मग ४००, ६००, १००० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. खिळ्यात ट्यूबलाइट दिसायला लागली की थांबायचं. पहिला खिळा मी इतका घासला की चाक डुगडुगायला लागलं. आणि किटमध्ये जादा खिळा एकही नाही! एवढी कंजुषी कशाला?

चाकात आधी शिलाई मशीनचं तेल घातलं. दोन दिवसांत धूळ बसून नुसता चिखल. आता ग्राफाइट पावडर, कुलपात घालतात तीच. फरशीवर काळे ठसे उमटतात; त्यावरून घरात काय ऐकलं ते लिहीत नाही.

वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे १४२ ग्रॅमला किंचित कमी. गळाची शिशं मागच्या चाकांच्या इंचभर पुढे बसवली. उतारावर वजन जितकं मागे तितकं ते उंचावरून खाली येतं, वेग वाढतो. अगदीच मागे नेलं तेव्हा मात्र गाडीचं नाक उचलून ती फळीबाहेर.

जूनमध्ये लेकीची गाडी अचानक डावीकडे ओढायला लागली. मी दोन संध्याकाळी चाकांनाच दोष देत बसलो. शेवटी उलटी करून पाहिली, तर लाकूड दमट हवेने फुगलेलं, खिळा बसतो ती खाच दबलेली, खिळा तिरका. कोरं लाकूड तसंच ठेवलं, ही चूक माझीच. आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवली, मग लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले, खिळा सरळ करून पुन्हा ठोकला. ऑगस्ट संपत आला, अजून सरळ जातेय.

पुन्हा किट घेणार का? ठोकळा इथेच मिळतो. मेव्हण्याला फक्त चाकं आणि खिळे आणायला सांगितलेत. खिळे डझनभर.