विकलफिश: नदीतून घरी जाणाऱ्यांची पिशवी

स्वित्झर्लंडमधल्या बाझलला नव्याने राहायला आलेला मराठी माणूस पहिल्याच उन्हाळ्यात विचारतो, ऑफिस सुटल्यावर ही सगळी मंडळी खांद्याला माशाच्या आकाराची पिशवी लटकवून कुठे निघालीत? नदीवर. कपडे, चपला, मोबाइल, किल्ल्या सगळं त्या पिशवीत कोंबायचं, तोंड गुंडाळून क्लिप लावायची आणि पिशवीसकट ऱ्हाईनमध्ये उतरायचं. प्रवाह शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतो. तिथे काठावरच शॉवर आहेत. अंग पुसायचं, कोरडे कपडे चढवायचे आणि ट्राम धरायची. पिशवीचं नाव विकलफिश, इथल्याच शहरात जन्मलेली वस्तू. मधल्या मापाची साधारण तीस फ्रँकला, म्हणजे तीनेक हजार रुपयांना पडते. एका पिशवीला हे पैसे जास्त वाटतात, पण माझी कित्येक उन्हाळे टिकली आहे आणि अजून आत थेंब शिरलेला नाही.

सगळी कारागिरी तोंडाशी आहे. दोन्ही कडा नीट जुळवायच्या, मधे टॉवेलचं टोक अडकू द्यायचं नाही आणि सात वेळा घट्ट गुंडाळायचं. पाच घड्यांतच बस्स झालं असं वाटतं, तरी सात म्हणजे सातच. गुंडाळताना आत हवा राहू द्यायची, म्हणजे पिशवी फुगून छान तरंगते. गच्च भरली तर घड्या बसत नाहीत, म्हणून हिवाळी बूट किंवा लॅपटॉपची बॅग असं काही कोंबणार असाल तर सरळ मोठं माप घ्या. आमच्या गटातल्या एकीने ऑनलाइन स्वस्तातली बिननावाची नक्कल मागवली. पहिल्याच फेरीत तिची शिवण उसवली आणि फोन गेला. दहा फ्रँक वाचवायला जाऊ नका.

सांगलीला आम्ही पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, आणि ही पिशवी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तोच भोपळा आठवला. पण भोपळ्याचं काम हिच्याकडून घेऊ नका. ही जीव वाचवायची वस्तू नाही. ज्याला तिच्याशिवाय पोहता येतं त्यानेच ती घेऊन उतरावं. ऱ्हाईनमधून मोठी मालवाहू जहाजं जातात आणि ती चटकन थांबू शकत नाहीत. त्यामुळे पोहायचं ते क्लाइनबाझलच्या, म्हणजे उजव्या काठाच्या बाजूनेच, पुलांच्या खांबांपासून लांब राहून, आणि ड्रायरोझेन पूल येण्याआधीच बाहेर पडायचं. पाऊस होऊन पाणी गढूळ आणि चढलेलं दिसलं तर घरी बसा.

शहराच्या वरच्या टोकाला, टिंगेली म्युझियमपाशी उतरलात की पहिली काही मिनिटं थंडीने दात वाजतात, मग अंग सरावतं. हातपाय फारसे मारावे लागत नाहीत. वेटश्टाइन पूल जातो, टेकडीवरचं लाल दगडाचं कॅथेड्रल सरकतं, इंजिनाशिवाय नुसत्या प्रवाहावर तारेला धरून चालणारी लाकडी नाव आडवी जाते. कान पाण्याखाली नेला की तळातले गोटे एकमेकांवर घासल्याचा बारीक किणकिणाट ऐकू येतो. आई इथे आली होती तेव्हा काठावर बसून तिने पहिली गोष्ट विचारली, "अगं, वास कसा नाही गं ह्या पाण्याला?"

ह्या पिशवीचं खरं परीक्षण तिथूनच सुरू होतं. वास नाही, कारण 1982 साली बाझलचं मोठं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. त्याआधी शहराची गटारं आणि कारखान्यांचं पाणी थेट नदीत जात होतं. तरीही 1 नोव्हेंबर 1986 च्या पहाटे शहराच्या वरच्या अंगाला, श्वाइत्सरहाले इथे सँडोझ ह्या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईनमध्ये उतरलं, नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल माशांचा खच पडला. सायरन वाजले, खिडक्या बंद ठेवा असं सांगितलं गेलं. माझ्या ऑफिसातल्या वयस्कर सहकाऱ्यांना ती सकाळ जशीच्या तशी आठवते, आणि ते ती सांगताना आवाज खाली आणतात.

पण गोष्ट शोक करून संपली नाही. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून ऱ्हाईन कृती कार्यक्रम ठरवला आणि 2000 पर्यंत सॅमन मासा नदीत परत आणायचा असं उद्दिष्ट ठेवलं. मला हे फार आवडतं, कारण मासा कागदावर फसत नाही. कारखान्यांना आग विझवण्याचं पाणी साठवायला हौद बांधावे लागले. सीमेपलीकडे जर्मनीतल्या वाइल अम राइनला पाण्याची अहोरात्र तपासणी करणारं केंद्र 1993 पासून चालू आहे. 2008 साली बाझलमध्ये एका गळाला सॅमन लागला तेव्हा शहरभर बातमी झाली. काम मात्र अपुरं आहे. फ्रान्सच्या हद्दीतल्या धरणांपैकी काहींना मासे वर चढायच्या वाटा झाल्या, पण मार्कोल्सहाइम, फोगेलग्र्यून इथली अडचण सुटायची आहे. उन्हाळे तापताहेत तेही वेगळंच. 2003 च्या उष्म्यात वरच्या भागात ग्रेलिंग मासे हजारोंनी मेले.

आमच्या ग्रुपवर दर जुलैत विचारणा होते, भारतात भेट म्हणून न्यावी का? कोकणात होडीने फिरणाऱ्यांना, ट्रेकला जाणाऱ्यांना जरूर न्या, पावसात कपडे कोरडे राहतील. मी लाल रंगाची एक भावासाठी घेतली आहे. तो अजून उन्हाळ्यात पहाटे माई घाटावर पोहायला जातो, नदीत मिसळणाऱ्या शेरीनाल्याच्या सांडपाण्याचा वास असला तरी जातो. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेले मासे तरंगले तेव्हा मात्र त्याचे सगळे मित्र महिनाभर पाण्यात उतरले नव्हते. त्या घाटावर रोज उतरणारी माणसं आहेत, उत्तम पोहणारी आहेत, पिशवीही मिळेल. गाळून सोडलेलं पाणी तेवढं पाहिजे, आणि ते मागायचा त्यांचा हक्क इथल्या माणसांइतकाच आहे.

पाचपैकी पाच. नव्याने घेणार असाल तर मधलं माप, भडक रंग. जहाजाच्या कप्तानाला लांबून दिसलेलं बरं.