वीरगती मिळालेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी शाळेत काय करावं: पुतळा, फलक, झाड की बक्षीस?

ग्रामसभेत पहिली मागणी पुतळ्याची येते. ती बाजूला ठेवलेलीच बरी. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता; आणि एवढं करून पुतळा एकाचाच, बाकीच्यांच्या घरचे नुसते बघत राहतात.

फलकावर सगळ्यांना सारखा मान. 3 बाय 2 फुटांचा, 18-20 मिमी जाड काळा ग्रॅनाइट पुरतो. अक्षरं खोल कोरलेली, किमान इंचभर उंच. वरवर कोरून सोनेरी रंग भरलेला फलक पश्चिमेच्या भिंतीवर लावला, तर मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हात रंगाचे पापुद्रे निघतात; आधी जातात अनुस्वार आणि रफार. व्हरांड्यातली उत्तरेकडची भिंत बघा. लोणा लागलेल्या भिंतीवर नुसत्या सिमेंटने चिकटवलेला फलक सुटून पडतो. चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हवेत, त्यांची भोकं कोरकामाआधीच पाडून घ्यावीत. अंगणात चबुतराच हवा असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चबुतरा कलतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. दाखल-खारीज रजिस्टरात एक नाव, लष्कराच्या कागदावर इंग्रजी स्पेलिंगवरून आलेलं दुसरंच. हुद्दा, सर्व्हिस नंबर, युनिट, तारीख जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळा. 1962, 1965, 1971 आणि 1999 चं कारगिल आठवतं. 1987-90 ची श्रीलंकेतली मोहीम हमखास सुटते. महायुद्धातलं कोणी असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात. फक्त लढाईत पडलेले, की सेवेत असताना गेलेलेही, याचा ठराव आधी घ्या. कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी नमुना घरच्यांकडून वाचून घ्या. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं तुटतात. खाली मोकळी जागा सोडा, जुनी नावं मागाहून सापडतात.

झाड स्वस्त, पण उन्हाळ्याच्या सुटीत शाळेला कुलूप आणि आवारात बकऱ्या. कडुलिंब, काट्यांचं कुंपण आणि बुडाशी झिरपता माठ एवढं तरी करा. सुटीत पाण्याची पाळी कोणाची हे ठरलं नसेल तर लावूच नका.

फलकासोबत बक्षीस ठेवलं तर नावं दरवर्षी मोठ्याने वाचली जातात. 50,000 च्या ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 3,500 रुपये. अडतं ते सहीपाशी: मुख्याध्यापकांची बदली झाली की ठेव अडकते. म्हणून पदनामाने, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांसोबत संयुक्त खातं उघडा. वाटप 16 डिसेंबरला, विजय दिनी. 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, मैदानात चिखल असतो.