झिजलेले पॅड दाखवले, पण ते माझ्या गाडीचे नव्हतेच

ब्रेकच्या खरखरीचं निमित्त करून एका गॅरेजने मला 11,800 रुपयांना गंडवलं. बिलात लावलेला एकही पार्ट गाडीला बसवला नव्हता. गॅरेजचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार आता ग्राहक आयोगाकडे आहे. पण ही युक्ती त्यांच्या एकट्याचीच असेल असं मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

वारज्यात आमच्या बाजूचा रस्ता खोदून त्यावर खडी पसरली होती. तिथून जा-ये सुरू झाली आणि पुढच्या डाव्या चाकातून लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला. ब्रेक दाबा, नका दाबू, चाक फिरतंय तोवर आवाज. आई साताऱ्याला असते. म्हणजे जाताना खंबाटकी घाट, आणि येताना नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो उतार. तिथल्या अपघातांच्या बातम्या पुणेकरांना काही नव्या नाहीत. अशा वेळी कुणी ब्रेकच्या कामात घासाघीस करत नाही, आणि गॅरेजवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं.

त्यांनी मला बाहेर खुर्ची दिली, गाडी आत घेतली. थोड्या वेळाने मेकॅनिक हातात ब्रेकचा पॅड घेऊन आला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी तबकडीला) आवळून गाडी थांबवणारा तुकडा. त्याचं अस्तर पार संपलेलं, खालची लोखंडी पट्टी चकाकत होती. "मॅडम, लोखंडाला लोखंड लागतंय. डिस्क पण गेल्यात. अशी गाडी घाटात नेली तर आमची जबाबदारी नाही." मी त्या पॅडचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि काम करायला सांगितलं. दोन डिस्क, पॅडचा सेट, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस, मजुरी, सगळं एका साध्या कागदावर लिहून दिलं. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा आवाज खरंच बंद झाला होता.

महिन्याभरात तोच आवाज परत आला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून रिटायर झालेत. ते म्हणाले, "अगं, चाक काढल्याशिवाय ब्रेकबद्दल बोलायचंच नाही. आण गाडी पार्किंगमध्ये."

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. नट आधी सैल केले, मग जॅक लावला. जॅकच्या भरवशावर काका हातही आत घालत नाहीत. शेजारी स्टँड लावला आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवलं. मग टॉर्च मारला. डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांच्यात हरभऱ्याएवढी खडी अडकली होती. काकांनी स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरासा मागे ओढला, खडी खाली पडली. डिस्क हाताने फिरवून पाहिली, आवाज गेला. पहिल्या वेळीही हेच झालं असणार. चाक काढताना खडी पडली आणि बाकीचं बिल तयार झालं.

काका म्हणाले, डिस्कच्या कडेवरून बोट फिरव. पॅड घासतो तेवढा भाग गुळगुळीत, आणि बाहेरच्या काठाला बोटाला लागेल अशी उंच धार. महिन्यापूर्वी बसवलेल्या डिस्कला एवढी धार येत नाही. कॅलिपरच्या बोल्टवर जुना गंज तसाच, पाना लागल्याची एक खूण नाही. मग व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) काढला. धारेवर टेकला तर माप जास्त येतं, म्हणून डिस्कच्या दोन्ही बाजूंना धारेच्या आत एकेक नाणं धरलं आणि आलेल्या मापातून नाण्यांची जाडी वजा केली. डिस्क भरली 16.3 मिमी. तिच्यावरच कोरलेली किमान जाडी 15 मिमी. म्हणजे डिस्क बदललीही नव्हती आणि बदलायची गरजही नव्हती. पॅडचं अस्तर 6 मिमी शिल्लक होतं. ते 3 मिमीवर आलं की बदलायचं.

मग मला तो फोटो आठवला. फोटोतल्या पॅडच्या दोन्ही टोकांचे कान गोल होते आणि अस्तराच्या मधोमध उभी खाच होती. माझ्या पॅडचे कान चौकोनी, खाच नाहीच. पॅडचा आकार सहसा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. तो तुकडा दुसऱ्याच गाडीचा होता, गिऱ्हाइकाला घाबरवण्यासाठी ठेवलेला.

गॅरेजमध्ये जायच्या आधी आवाज नीट ऐका, एवढंच कळकळीने सांगते. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो आणि लगेच निघून जातो. बारीक, कर्कश चीं असा आवाज बहुधा पॅड संपत आल्याची सूचना असते. ब्रेक दाबल्यावरच जाड घासल्याचा आवाज आला तर मात्र लोखंड लागलेलं असू शकतं. तेव्हा गाडी चालवू नका. पेडल खोल जात असेल किंवा ब्रेकचा दिवा लागला असेल तरीही तेच. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा चांगला असेल तर बहुधा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात. बऱ्याचदा त्या साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की भागतं, अख्खा कॅलिपर लागत नाही. आणि काम आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा. जुने पॅड नव्या पॅडवर ठेवून आकार जुळतो का बघा आणि जुने पार्ट घरी आणा.

काकांना घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा मालक आधी "पोराची चूक झाली" म्हणाला, मग 5,000 परत देऊन मिटवू म्हणाला. मी नाही म्हटलं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा आयोगात तक्रार टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल पक्कं नव्हतं, पण हाताने लिहिलेला कागद, यूपीआयची नोंद आणि त्या पॅडचा फोटो मी जोडलाय. सुनावणीची तारीख अजून यायचीय. तुमच्याकडेही असा कागद पडून असेल तर तो फेकू नका, आणि फोनमधला फोटो असेल तर तुमच्या गाडीच्या पॅडशी एकदा ताडून बघा.