तीन हजारांत पाने-गोट्या: देवगडच्या खाऱ्या हवेतला वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी मोहोर ऐन भरात असताना आमचा फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप बंद पडला. प्रेशरच धरेना. कलमांवर तुडतुडा दिसायला लागला होता, आणि मेकॅनिक म्हणाला दोन दिवसांनी येतो. त्याला तरी काय बोलणार, त्या दिवसांत सगळ्या बागांतून त्यालाच बोलावणं असतं. नवरा मुंबईला नोकरीला. व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असणार हे मला कळत होतं, म्हणून पंप मीच उघडायला घेतला.

घरात ऑनलाइन मागवलेली ४६ नगांची पाने-गोट्यांची पेटी होती. आठशे रुपये, दिसायला झकास. १३ एमएमची गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारं सॉकेट, बोल्टावर बसवली, जोर दिला, आणि गोटी बोल्टावरून गर्रकन फिरली. डोक्याचे कोपरे सोलले गेले. दुसऱ्या बोल्टाला तर गोटीच उभी चिरली. शेवटी शेजारच्या काकांनी छिन्नी-हातोडीने ते दोन बोल्ट काढून दिले. दोन दिवस गेले ते गेलेच, बोल्टही नवे आणावे लागले.

त्यानंतर कणकवलीला गेले ते ३,००० रुपये वेगळे काढूनच. तिथेही मी आधी मोठ्या पेटीकडेच हात केला. दुकानदार म्हणाले, "वैनी, पेटी घेव नकात. लागता तेवढ्याच घेवा." त्यांनी विचारलं, घरात उघडायचं काय काय असतं? पंप, ग्रास कटर, जुनी स्प्लेंडर. मग त्यांनी १०, १२, १३, १४ आणि १७ अशा पाच सुट्ट्या गोट्या काढल्या. १२ आणि १३ दोन्ही कशाला, हे मला तेव्हा कळलं. एकाच ८ एमएम आट्याच्या बोल्टाचं डोकं आपल्या पंपांवर सहसा १३ चं असतं आणि जपानी धाटणीच्या बाइकवर १२ चं. १२ च्या बोल्टावर १३ ची गोटी बसते, पण सैल बसते, आणि सैल बसली की कोपरे खाते.

या पाच गोट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझे खरे पैसे इथेच वसूल झाले. मी मुद्दाम सहा कोनी घेतल्या. दुकानांत बारा कोनी जास्त दिसतात, त्या पटकन बसतात म्हणून चालतात. पण बारा कोनी गोटी बोल्टाला कोपऱ्यापाशी धरते, सहा कोनी सपाट बाजूवर दाबते. आमच्याकडे समुद्र कौलांवरून दिसतो. एका पावसाळ्यात बोल्टाचे कोपरे गंजून मऊ पडतात, तिथे कोपऱ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. एक गोटी ९० रुपयांच्या आसपास पडली. वर्षभरात एकही घसरली नाही.

अर्धा इंची रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा; इंच म्हणजे गोटी बसते त्या चौकोनी खुंटीचं माप) ६५० ला घेतलं. जुन्या पेटीतलं रॅचेट पाव इंची होतं, वीतभरही लांब नाही. माझ्या मनगटात तेवढा जोर नाही, तो लांब दांड्यानेच मिळतो. तक्रार एकच: स्प्लेंडरच्या इंजिनाखाली गोटीसकट त्याचं डोकं शिरायला जागा नसते. तिथे मी रिंग पाना लावते. रिंग पान्यांचा संच तापरियाचा घेतला, हजाराच्या आत आला. यांचा कारखाना नाशिकला सातपूरला. मान वाकलेली असल्याने बोटांची सालं निघत नाहीत, आणि तोंड इतकं नेमकं बसतं की पाना हलवून बघितला तरी खडखडत नाही. आठ इंची पक्कडही त्यांचीच, तीनशेच्या आत. पहिले आठ दिवस फार ताठ होती, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून उघडमीट केल्यावर सैलावली. आता तारेच्या कुंपणालाही तीच.

६ एमएमच्या बारीक बोल्टांना (त्यांचं डोकं १० चं) मात्र मी अर्धा इंची रॅचेट लावत नाही. दांडा लांब, बोल्ट बारीक, मुंडी तुटून आटे आतच राहतात. त्यांच्यासाठी १० चा टी-पाना घेतला.

गंजलेल्या बोल्टाशी थेट कुस्ती करू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आतून आवळले जातात. मी रात्री डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडते, सकाळी डोक्यावर हातोडीचे दोन-चार टोले देते, आणि आधी किंचित आवळून मग सोडवते. आवळताना "टक्" असा आवाज आला की समजायचं, सुटला.

हत्यारं ठेवायची कशात, यावर मी सुरुवातीला चुकले. जुन्या पेटीतल्या फोमने आषाढात इतकी ओल धरली की आतल्या गोट्यांवर तांबूस ठिपके आले. क्रोमचा मुलामा पातळ असतो, एकदा सुटला की त्याची कपची पात्यासारखी लागते, माझा अंगठा कापला आहे. आता जुन्या ताडपत्रीला कप्पे शिवून गुंडाळी केली आहे. काम झालं की सुक्या फडक्याने पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा आणि गुंडाळी पत्र्याच्या ट्रंकेत. यंदाच्या पावसात एका पक्कडीच्या जबड्यावर तेवढा डाग आला, तोही बोटाने पुसला गेला.

सगळं मिळून २,९०० च्या आत बसलं. उरलेल्या पैशांत इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीचा टोला मारून स्क्रू सोडवायचा पेचकस) येत नव्हता, तो गणपतीनंतर घेतला. कार्बोरेटरच्या चौफुली स्क्रूंसाठी तो आधीच घ्यायला हवा होता, तोपर्यंत दोन स्क्रूंच्या खाचा खराब झाल्या.

यंदा मोहोराआधीच पंप उघडला. पाचही बोल्ट १३ च्या गोटीने सुटले, व्हॉल्व्ह धुतला, पॅकिंग बदललं, चहा गार व्हायच्या आत पुन्हा जोडला. १३ ची आणखी एक गोटी आणून ठेवली आहे, कारण बागेत पाचोळ्यात पडली की ती सापडत नाही.