कोटेशन, महाटेंडर, जेम की बारकोड: सरकारी दवाखान्याला माल देणाऱ्यानं आधी काय धरावं

लातूर, नांदेड, परभणीकडं सर्जिकलचा नाहीतर औषधाचा ठोक धंदा असणारे बरेच जण आजकाल एकच विचारतात, की सरकारी दवाखान्याला माल द्यायचा तर अजून कोटेशनवर भागतंय का, महाटेंडरला उतरावं का जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खातं काढावं, अन् ते जीएसवन बारकोडचं (मालाला जगभर एकच नंबर देणारा) काय म्हणतात ते बी घेऊन ठेवावं का. हाच प्रश्न उलट्या बाजूनं ग्रामीण रुग्णालयाचं स्टोअर सांभाळणाऱ्या औषध निर्माण अधिकाऱ्यालाही पडतो. माझं काम टेंडर भरून द्यायचं, दोन्ही बाजूंशी रोजचा संबंध येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पोर्टल कोणतं धरायचं ही नंतरची गोष्ट, तुमच्या मालाला गोडाऊनपासून वॉर्डापर्यंत एकच ओळख आहे का हे आधी बघा.

कोटेशनचं फार लांबवत नाही. छोट्या रकमेची लोकल परचेस, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घ्यायचा माल, रात्रीतून संपलेलं सलाईन, हे सगळं अजून तीन कोटेशनवरच चालतंय अन् काही काळ चालणारच. फायदा एवढाच की ऑर्डर लवकर मिळते, गाडी लांब पाठवायची नसते, साहेब ओळखीचे असतात. तोटा असा की ओळखीचे साहेब बदलून गेले की तुमचं कामही गेलं, अन् बाहेरचा माणूस बघतो तेव्हा तिन्ही कोटेशनं एकाच हातची वाटतात, ऑडिटला उत्तर देताना बिचारा स्टोअरवाला घाम पुसत बसतो. रोजचा गल्ला म्हणून ठीक आहे, पण यावर धंदा उभा करू नका.

महाटेंडर म्हणजे राज्याचं ई-निविदा पोर्टल, केंद्राच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या सिस्टमवर चालणारं. ठरलेल्या मर्यादेच्या वरची खरेदी इथं येते. यासाठी क्लास ३ ची डिजिटल सही लागते (क्लास २ ची १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, तरी जुनं टोकन घेऊन येणारे भेटतात), ईएमडी म्हणजे बोलीसोबतची अनामत ऑनलाईन भरायची, मग दोन लिफाफे, एक टेक्निकल अन् एक दराचा. खरी लढाई टेक्निकल लिफाफ्यात असते, तीन वर्षांची उलाढाल, सीएचं सर्टिफिकेट, उत्पादकाचं अधिकारपत्र, औषध असेल तर जीएमपी म्हणजे उत्पादनाच्या दर्जाचं सर्टिफिकेट, यातला एक कागद जुना निघाला की दर उघडायच्या आधीच बाहेर. शुद्धिपत्रकावर तर डोळा ठेवावाच लागतो, शेवटच्या दोन दिवसांत स्पेसिफिकेशन बदलतं अन् ज्यानं पोर्टल परत उघडून बघितलं नाही त्याची मेहनत वाया. ईएमडी अडकते ती वेगळीच, बाद झालेल्या माणसाला ती परत मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. मात्र जे टिकतात त्यांना इथं मोठी ऑर्डर मिळते, दर करार झाला तर वर्षभराचं काम लागतं. ज्याच्याकडं भांडवल आहे, दोन-चार महिने बिल थांबलं तरी कंपनीचे पैसे देता येतात, त्यानंच इथं यावं.

औषधांच्या बाबतीत एक समजून घ्या, राज्याची मोठी खरेदी जिल्ह्यात होत नाही. आधी जो तो विभाग स्वतः घ्यायचा, २०१७ पासून ती हाफकिन महामंडळाकडं दिली, अन् २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. म्हणजे बीड-हिंगोलीच्या ठोक विक्रेत्याच्या वाट्याला मुख्य औषधांपेक्षा सर्जिकल, लॅबचं कंझ्युमेबल, लिनन, फर्निचर अन् तुटवड्यातली स्थानिक खरेदी येते, हे धरूनच हिशोब करा.

जेम ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं, केंद्राचं असलं तरी राज्याची कार्यालयंही त्यावरून घेतात. इथं लहान माणसाला आत शिरायला सोपं आहे. आधार-पॅन, जीएसटी, बँक खातं, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी असली की विक्रेता म्हणून उभं राहता येतं, कॅटलॉग टाकायचा, बिड आली की भरायची. पण सोपं म्हणजे स्वस्तात पडतं असं नाही. दर एल-वनवर, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवर ठरतो अन् त्यात पोच धरलेली असते. नांदेडच्या माणसानं बिड भरताना कन्साइनीची, म्हणजे माल घेणाऱ्या ठिकाणांची यादी नीट वाचली नाही आणि त्यात किनवट-माहूर निघालं तर सव्वाशे किलोमीटरच्या वर गाडी पाठवून दहा खोकी उतरवायची, नफा डिझेलमध्ये जातो. रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर खाली खाली नेत जाणारा ऑनलाईन लिलाव असेल तर घरूनच शेवटचा आकडा कागदावर लिहून बसा अन् त्याच्या खाली जाऊच नका, घड्याळ पळताना बघून लोक पन्नास-शंभर रुपये करत करत खरेदीभावाच्या खाली जातात, मग हलका माल देतात, अन् तो हलका हातमोजा शेवटी बाळंतीण बाईच्या टेबलावर फाटतो. याचा त्रास कुणाला होतो ते सांगायला नको.

जेमची एक गोष्ट मला खरंच आवडते, माल पोचला की कन्साइनीला पोर्टलवर स्वीकृतीचं सर्टिफिकेट काढावं लागतं, त्याला सगळे सीआरएसी म्हणतात. माल घेतला पण सही मिळत नाही हा जुना आजार त्यानं बराच कमी केला, तारीख नोंदली जाते, तुमच्याकडं पुरावा राहतो. महाटेंडरमध्ये टेंडर ऑनलाईन अन् पुढचं सगळं, म्हणजे पुरवठा आदेश, चलन, इन्स्पेक्शन रिपोर्ट, परत कागदावर.

पण पैसा? तो कोणत्याच पोर्टलवर बसलेला नाही. राज्याच्या दवाखान्याचं अनुदान बीम्सवर (राज्याची अनुदान वाटपाची ऑनलाईन सिस्टम) आलं तरच बिल कोषागारात जातं, नसेल तर तुमचं सर्टिफिकेट कितीबी चकचकीत असो, वाट बघायची. म्हणून ऑर्डर घ्यायच्या आधी तरतूद आहे का हे विचारायला लाजू नका. अडीच लाखाच्या वरच्या करारावर २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात, तो पोर्टलवर जाऊन स्वतः स्वीकारावा लागतो, कितीतरी जणांचा तसाच पडून असतो. अजून एक गैरसमज लई आहे: उद्यम आहे म्हणजे ४५ दिवसांत पैसे अन् ईएमडी माफ. तसं नाही. ठोक-किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यममध्ये परत घेतलं ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जासाठी. उशिरा पेमेंटचं व्याज, थकलेल्या बिलासाठी समाधान पोर्टलवरची तक्रार, ईएमडी माफी, हे सगळं उत्पादक अन् सेवा देणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही स्वतः बँडेज-गॉज बनवत असाल तर गोष्ट वेगळी, मग तो हक्क सोडू नका.

आता बारकोडचं. एका स्टोअरमधली साठा नोंदवही डोळ्यासमोर आणा: एका पानावर 'ग्लोव्ज ७ नं.', दुसऱ्यावर 'सर्जिकल ग्लोव्ज स्टराइल ७', पुढं 'हातमोजे (ऑपरेशन)', अन् संगणकात चौथंच नाव. माल एकच. चार ठिकाणी चार शिल्लक दिसतात, एका पानावर शून्य दिसलं म्हणून तातडीची खरेदी निघते अन् मागच्या रॅकमध्ये तोच हातमोजा एक्सपायर होत पडलेला असतो. पोर्टलवरून घेतला काय अन् कोटेशनवर घेतला काय, या नोंदवहीत काहीच फरक पडत नाही.

इंग्लंडमध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं २०१४ साली याच ठिकाणी हात घातला. त्यांनी एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या दवाखान्यांना अन् पुरवठादारांना दोन मानकं लावली. एक जीएसवन, म्हणजे प्रत्येक वस्तूला जगात एकच नंबर (जीटीआयएन), प्रत्येक जागेला एक नंबर (जीएलएन), आणि खोक्यावरच्या छोट्या चौकोनी कोडात वस्तूच्या नंबरासोबत बॅच अन् एक्सपायरी. दुसरं पेपॉल, त्यानं ऑर्डर, माल निघाल्याची सूचना, बिल हे सगळं एका ठरलेल्या साच्यात एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातं. इथं जेममध्ये अन् पेपॉलमध्ये मुळातला फरक आहे. जेमवर दोघांनाही एका दुकानात यावं लागतं, पेपॉलमध्ये कुणी कुठंच यायचं नाही, तुमचं सॉफ्टवेअर तुमच्याकडं, त्यांचं त्यांच्याकडं, एकदा जोडून घेतलं की जोडलेल्या कोणत्याही दवाखान्याची ऑर्डर त्याच रस्त्यानं येते, परत टाइप करायची नाही. नंतर स्कॅनफॉरसेफ्टी नावानं सहा ठिकाणी १.२ कोटी पौंड देऊन हे करून बघितलं, लीड्स त्यातलं एक. सदोष बॅच परत मागवायची तर ती कुठं आहे हे शोधायला आधी दिवस जायचे, ते काम तासाच्या आत आलं, कारण कोणत्या पेशंटला कोणती बॅच गेली हे स्कॅन झालेलं होतं.

आपल्याकडं तुकडे आहेत, जोडणी नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरवलेल्या ३०० औषध ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला, त्यात बॅच, एक्सपायरी, लायसन्स नंबर सगळं असतं. त्याच तारखेपासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं, म्हणजे बिलाचाही साचा देशभर एक झाला. सी-डॅकनं केलेलं ई-औषधी सरकारी दवाखान्यांत साठ्यासाठी वापरात आहे. पण पुरवठा आदेश अजून सही मारलेल्या स्कॅनची पीडीएफ म्हणून येतो, त्यातून आयटम परत टाइप होतात, आणि तिथंच नाव बदलतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात होते, तेव्हा औषधं होती का नव्हती यावरच किती वाद झाला ते आठवा. त्या मृत्यूंचं कारण मी सांगू शकत नाही. पण मोठ्या दवाखान्यात आज कोणतं औषध किती आहे हे कुणीही दोन मिनिटांत दाखवू शकलं पाहिजे, त्यावर वाद व्हायलाच नको, एवढं तरी मागायचा आपल्याला हक्क आहे. तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषध महामंडळ काढून प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं, किती रकमेची औषधं घ्यायची अन् किती घेतली हे त्यात दिसायचं. फार भारी तंत्रज्ञान नव्हतं, शिस्त होती.

मग धरायचं काय. तुम्ही फक्त विक्रेते असाल तर जीएसवनचे नंबर विकत घ्यायची घाई करू नका, वस्तूचा नंबर बनवणाऱ्यानं द्यायचा असतो (भारतात नोंदलेल्या कंपन्यांचा ८९० नं सुरू होतो), तुम्ही तो कंपनीकडून मागून घ्या अन् आपल्या टॅली किंवा मार्ग या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटमच्या नावासमोर टाका, बॅच-एक्सपायरीसकट. स्वतः किट पॅक करत असाल, ड्रेसिंग किट, डिलिव्हरी किट, तर मात्र नंबर घ्याच. नवीन माणसानं आधी जेम, तेही दोन-तीन जिल्ह्यांपुरतं अन् पाच-सहाच वस्तूंचं, परभणीला गोडाऊन असेल तर हिंगोली-जालन्याच्या पुढं उडी मारू नये. जेमवर वर्षभर वेळेत पोच दिली, कामाचे दाखले हातात आले की महाटेंडर. भांडवल कमी असेल तर मोठ्या पुरवठादाराचा जिल्हा वितरक व्हा, त्यात टेंडरची डोकेदुखी त्याची, पोच तुमची.

अन् स्टोअरच्या बाजूला बसलेल्यांना एक विनंती. पुढच्या स्पेसिफिकेशनमध्ये दोन ओळी घाला: प्रत्येक आयटमसमोर जीटीआयएन द्यावा, आणि चलन-बिलावर तोच नंबर बॅच-एक्सपायरीसह असावा. याला वेगळं बजेट लागत नाही. स्कॅनर नसला तरी नोंदवहीत नावाच्या आधी नंबर लिहायला लागा, पहिल्या तिमाहीत एकच वस्तू किती नावांनी पडलीय ते दिसेल. सुरुवात हातमोजे अन् सिरिंजपासून करा, सगळ्यात जास्त घोळ तिथंच असतो.