टाकीच्या सेन्सरसाठी एचटीटीपी की एमक्यूटीटी?

गच्चीवरच्या टाकीतली पातळी मोजायची, ती कमिटीच्या मोबाइलवर दाखवायची आणि खालचा पंप चालू-बंद करायचा, असं तुमच्या सोसायटीत ठरत असेल तर ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) वगैरेची चर्चा एव्हाना झालीच असेल. उरतो तो प्रश्न, ही यंत्रं सर्व्हरशी एचटीटीपीने (वेबसाइट उघडताना वापरतात ती, विचारलं की उत्तर देणारी पद्धत) जोडायची की एमक्यूटीटीने (मधल्या ब्रोकरमार्फत निरोप देण्याघेण्याची पद्धत). सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी दोन्ही चालवून पाहिलंय.

एचटीटीपीची बाजू लंगडी नाही. रीडिंग आलं, पोस्ट केलं, उत्तर मिळालं, संपलं. साधं होस्टिंग पुरतं, एचटीटीपीएसचा (एचटीटीपीच्या सुरक्षित रूपाचा) ४४३ पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं त्याचं ठरलेलं दार, सहसा कुठे अडत नाही. दरवेळी हेडरचं (रीडिंगसोबत पाठवाव्या लागणाऱ्या जादा माहितीचं) ओझं जातं खरं, पण वायफायवर मला तरी ते कधी जाणवलं नाही. बॅटरीवरचा, तासाने एकदा जागा होऊन पुन्हा झोपणारा सेन्सर असेल तर मी आजही एचटीटीपीच सुचवेन.

मला नडलं ते त्याचं गप्प बसणं. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने, ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. अशाच एका शुक्रवारी स्क्रीनवर ६२ टक्के दिसत होते आणि वरच्या मजल्यांवर नळ कोरडे. गच्चीवरचं वायफाय रात्रीच गेलं होतं. यंत्र बोललं तरच सर्व्हरला कळणार; नाही बोललं तर शेवटचा आकडा तसाच. रीडिंग किती जुनं आहे हे तपासणारा कोड लिहिता येतो, मी लिहिलाही, पण तो प्रत्येक ठिकाणी आपणच आठवणीने लिहायचा. पंपाचंही तेच. तो राउटरच्या आड असल्याने सर्व्हर आपणहून त्याच्यापर्यंत पोचत नाही. पंपाने येऊन विचारेपर्यंत आदेश पडून राहतो.

एमक्यूटीटी १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. लिंक तुटणार, हे त्यात धरूनच चाललंय. यंत्र जोडलं जातानाच ब्रोकरकडे (सगळ्यांचे निरोप घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरकडे) 'लास्ट विल' म्हणून एक निरोप ठेवू शकतं: मी न सांगता गेलो तर हे सगळ्यांना कळव. कीप-अलाइव्ह (यंत्राने जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहायचं, ती मुदत) ६० सेकंदांचा असेल तर दीडपट, म्हणजे ९० सेकंद काही आलं नाही की ब्रोकर जोडणी तोडून तो निरोप सोडतो. निरोपाला रिटेन (शेवटचा निरोप ब्रोकरने जपून ठेवावा अशी खूण) लावलं असेल तर नंतर मोबाइल उघडणाऱ्यालाही 'सेन्सर बंद' दिसतं. आता असं झालं की आमचे वॉचमनकाका स्वतः गच्चीवर जातात, झाकण उघडून बघतात आणि मगच पंप लावतात.

ब्रोकर मात्र सतत चालू हवा. मॉस्किटो हा ब्रोकर आमच्याकडे जुन्या रास्पबेरी पायवर (एका छोट्या संगणकावर) निवांत चालतो, पण पासवर्ड आणि ८८८३ पोर्टवरचं टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) बघणारं कुणीतरी लागतं. तसं कुणी नसेल तर एचटीटीपी बरं. असेल तर माझ्या मते एमक्यूटीटीच घ्यावं.

घेतलंत तर पंपाला 'आहे त्याच्या उलट कर' असा आदेश ठेवू नका. क्यूओएस १ मध्ये (निरोप किमान एकदा पोचवायच्या पातळीत) एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून स्पष्ट 'चालू' किंवा 'बंद' पाठवा. आणि आदेशाला रिटेन अजिबात लावू नका. नाहीतर वीज परत आली की जुना 'चालू' पोचतो आणि भरलेल्या टाकीवर पंप सुरू होतो.